रडक्या

गुराखी उकंडा सांगत आला, की तांड्यावर देवीलालच्या दारात बायांची रडारड चालू आहे, आणि बबनराव ओट्यावर मटकन बसले. देवीलाल आठ दिवस तापानं पडून आहे, हे त्यांच्या कानावर आलं होतं. तांडा हाकेच्या अंतरावर, तरी ते गेले नव्हते. कोणत्या तोंडानं जाणार?

दिवाळीच्या आधी उमरखेडच्या बैलबाजारात देवीलालनं आपला म्हातारा बैल विकला. दावं दुसऱ्याच्या हाती देताना त्याचे डोळे भरून आले, आणि बबनरावांनी चारचौघांत हाक मारली, "काय रे रडक्या!" सगळे हसले. शेंबड्या पोराला म्हणायचा शब्द बाप्या माणसाला जिव्हारी लागतो, हे काय बबनरावांना कळत नव्हतं? पण जिभेला हाड नसतं. वीस वर्षं सावडीनं, एकमेकांचे बैल जुंपून, पेरणी केलेला माणूस तेव्हापासून बांधावर दिसला तरी मान फिरवायचा.

आता ज्याच्यापुढे चूक कबूल करायची, तोच उरला नव्हता. निदान सरणाला लाकडं तरी आपल्या घरची जावीत, म्हणून बबनरावांनी गाडीत बाभळीचे ओंडके भरले, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि निघाले. वाटभर त्यांच्या डोळ्यांना खळ नव्हता. बैलांना रस्ता पाठ होता म्हणून गाडी पोचली.

दारात देवीलालची बायको नंदाबाई एका बाईच्या गळ्यात पडून सुरात हेल काढून रडत होती. तिच्यामागे बाजेवर, घोंगडी पांघरून, देवीलाल बशीतून चहा पीत बसला होता.

नंदाबाईच्या गळ्यात होती ती गंगी, त्यांची लेक, दोन वर्षांनी माहेरी आलेली. बंजाऱ्यांत मायलेकी अशाच भेटतात. मधल्या दिवसांचं सुखदुःख रडता रडताच एकमेकींना सांगून टाकतात. बबनरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

देवीलालनं गाडीकडे पाहिलं, मग बबनरावांकडे. वीस वर्षांत त्यानं त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"बबनराव, लाकडं कायले आणले?"

बबनरावांना खोटं सुचलं नाही. "मले वाटलं, तू गेला. तुह्यासाठीच आणले."

एवढं बोलले आणि त्यांचा बांध फुटला. सगळ्या तांड्यासमोर ते हुंदके देऊन रडले, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मायलेकी आपलं रडणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. नंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, लाकडं उतरवा, लेक आली, आज चुलीला लागतीलच.

देवीलाल बाजेवर जरा सरकला, उरलेला चहा बशीत ओतला आणि बशी पुढे केली.

"ये रडक्या, बस."

बबनरावांनी ओ दिली.