हलवा की हल्ला

धुळ्याच्या प्रमिलाबाईंनी मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात आपल्या किल्ल्याचं नाव 'माहेर' ठेवलं होतं. गुडघ्याला प्लास्टर होतं तेव्हा लेकीनं, कामिनीनं, जळगावहून फोनवर हा खेळ शिकवला. आईला कळावं म्हणून मराठीतून लावून दिला. तोफा, फौजा, धान्याची कोठारं, सगळं बाईंना भारी जमलं. माणसं सांभाळणं मात्र साठीतही जमत नव्हतं.

दिवाळीत चार पाहुण्यांसमोर त्या बोलून गेल्या, "लगीन व्हयेल पोरनी माहेरमा जास्त बोलू नही." कामिनीनं ताट सरकवलं, बॅग उचलली आणि बस पकडली. तेव्हापासून फोन बंद. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, झोका खेळतात. कामिनी येईल की नाही, या एकाच विचारानं बाईंना घास गोड लागत नव्हता. पण आधी फोन कोणी करायचा? आई झाली म्हणून काय झालं, मान कुठे जातो!

खेळात मात्र दोघी अजून एकाच टोळीत होत्या. बोलणं नाही, पण लेकीचा किल्ला शाबूत आहे ना, हे बाई रोज बघायच्या.

त्या सकाळी गच्चीवर कुरडया घालताना त्यांनी मोबाइल उघडला, तर कोण कुठला मेला कामिनीच्या किल्ल्यावर चालून निघालेला! बाईंनी होती नव्हती ती फौज लेकीच्या रक्षणाला धाडायला घेतली. चष्मा खाली फ्रिजवर, अंगठ्याला कुरडयांचा चीक. पडद्यावर दोन बटणं शेजारी शेजारी, फौज मदतीला नेणारं 'हलवा' आणि चढाईचं 'हल्ला'. फौज निघाली आणि लाल अक्षरं झळकली: 'माहेर'चा कामिनीवर हल्ला.

फौज परत कशी बोलवायची, ते काही बाई शिकल्या नव्हत्या. दिवाळीत तोंडानं घायाळ केलं, आता पोरीला वाटेल आई तलवार घेऊन आली. मान गेला चुलीत! त्यांनी चिकट हातानंच फोन लावला.

पहिल्याच रिंगला कामिनीनं उचलला. "माले दिसनं, माय. मी मन्ही फौज बाहेर काढी लिधी."

"बाहेर? का वं?"

"माले वाटनं, तुन्हा राग आजून गया नही. पन माहेरना मानसेस्वर हात कसा उचलू?"

बाईंचे डोळे वाहू लागले, ते पुसायला हात कोरडे नव्हते. "बेटा, तुले मदत धाडी व्हती वं मी. हलवा दाबाले गई, अन् हल्ला दाबाई गया. दिवाळीलेबी तसंच व्हयनं. तोंडमातून भलतंच निंघी गयं."

पलीकडे कामिनी आधी हसली आणि मग रडली. तेवढ्यात, तो मेला पोचायच्या आधीच, बाईंच्या फौजेनं रिकामा किल्ला जिंकला, कोठार लुटलं आणि इमानदारीत माहेरची वाट धरली.

"आते तुन्हं बठ्ठं धान्य मन्हाकडे ई राहिनं," बाई म्हणाल्या. "आखाजीले ये, अन् लई जाय."

कामिनीनं नाक ओढलं.

"थैली तूच देजो, माय," ती म्हणाली. "मी मोकळा हाते येसू."