चवीपुरता गूळ आणि खरा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. यवतला मारुतरावांच्या गुऱ्हाळात माझं आयुष्य गेलं. गुळाच्या ढेपा माझ्यावर चढायच्या आणि व्यापारी म्हणायचे, "ह्या काट्यावर डोळे झाकून माल उचलावा." ते ऐकून, लोखंडाचा असूनही, मला मूठभर मांस चढायचं.

पुढे आकडे चमकवणारा नवा काटा आला. मी कोपऱ्यात गेलो, अंगावर रिकामी पोती पडली. वाईट वाटलंच.

मग मारुतरावांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, "आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन." नव्या काट्याचे आकडे चारचौघांना दिसतात, म्हणून ते गुपचूप माझ्याकडे येऊ लागले. सून तेजश्रीनं त्यांच्या चहातली साखर बंद करून गोडीची गोळी आणली होती. मारुतराव मोठ्या आशेनं माझ्यावर चढत. पण आकडा उतरेना, उलट थोडा चढलाच.

"ह्यो खोटं बोलतोय. भंगारात घाला ह्याला," ते चिडले. इमानदारीचं हे फळ!

त्यांचा आवाज ऐकून तेजश्री आली आणि तिनं माझ्यावर वीस किलोचं माप ठेवलं. मी वीसच दाखवले.

"काटा बरोबर हाय, आबा. दिवसभरात गोड काय खाता?"

"काय बी न्हाई. चवीपुरता गूळ तेवढा."

आमच्याकडे रीतच आहे, कढई उतरली की पहिला घास मालकाचा. चव बघण्याला गुऱ्हाळात कोणी खाणं म्हणत नाही. त्यात चहातली साखर वाचली, या भरवशावर मारुतरावांचा घास मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते जेवढा गूळ चाखत, तेवढाच तेजश्री कागदावर काढून ठेवी. संध्याकाळी तो कागद माझ्यावर आला. पाव किलो भरला.

"गोळीत साखर न्हाई, हे खरं," ती हळूच म्हणाली. "पन गोळी चरबी झडवत न्हाई, आबा. डॉक्टर म्हनले, नुसत्या तिच्यावर इसंबून वजन उतरत न्हाई. लई वर्षं घेनाऱ्या काही जनांचं वाढलेलं बी दिसलंय. ती अंगात काय करती, त्याचा आजून अभ्यास चाललाय."

मारुतराव माझ्याच पाटावर बसले. तेवढ्यात कढई उतरली. गूळ रांधणारा पोपट रीतीप्रमाणे घास घेऊन आला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"पोपट, आजपासनं चव तू बघायची."

"मालक, मान तुमचा हाय."

"मान तू घे. मला चालायचंय."

मित्रांनो, आम्हा काट्यांची धूळ पुसत जा. आम्ही खरं सांगितलं तर रागावू नका, आणि चवीपुरतं काय काय खाल्लं तेही आठवून बघा. त्या संध्याकाळी मारुतराव बराच वेळ माझ्यावर बसून होते. त्यांच्या मनावरचं तेवढं एक वजन मात्र मी केलं नाही.