आतल्या खोलीतला फोन

यशोधराने मॉडेमची वायर उपसली, फुंकर मारली आणि पुन्हा खुपसली. खरखर, शिट्टी, दिवा हिरवा. दोन मिनिटांत पुन्हा लाल. पुण्याच्या संस्थेच्या कॉम्प्युटरशी फोनवरून जुळलेली लाईन तुटली.

"हो बाजूला," राधाकृष्ण सर म्हणाले. "विहिरीवरची मोटर आहे का ही, फुंकायला?"

पोरं फिदीफिदी हसली. सरांनी काष्टी गावात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत काढलेला हा कॉम्प्युटर क्लास. इथून परीक्षेचे अकरा अर्ज पाचच्या आत पुण्याला जायचे होते. अकरावा यशोधराचा. गेला नाही तर वर्ष गेलं.

वेग कमी करून झाला, नंबर बदलून झाला. शिट्टी येते म्हणजे लाईन आहे. जुळतं म्हणजे पुणंही जागं आहे. मग मधेच तोडतं कोण? यावेळी तुटल्या तुटल्या तिने मॉडेमजवळच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

ती धावतच आतल्या खोलीत गेली. सरांची आई, मालनबाई, त्याच लाईनवरचा दुसरा फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"आजी, उचलू नका ना!"

"आज बुधवार हाय. चार वाजता माझा धाकला, हर्षल, बोलतो जम्मूवरनं, मिल्ट्रीतनं. फोन जित्ता हाय का बघती मधनं मधनं."

"नका बघू. आमचं सगळं तुटतंय."

"बरं, न्हाई बघत."

तीन मिनिटं. दिवा लाल.

पावणेचारला यशोधरा दाराआड वाकली आणि आत जाणारी वायर तिने ब्लेडने कापली. मग सगळे अर्ज सुरळीत गेले. पाचला सहा मिनिटं असताना तिचाही गेला. पोरांनी बाक बडवले. सरांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"सर, आतली कापलेली वायर जोडू?"

"राहू दे. आता रोजच लाईन लागणार."

"आणि आजींचा फोन?"

"पत्र लिहील की तो."

"पोरी," आतून हाक आली, "तुला मशीनमधलं लई कळतं म्हनं. माझा फोन बघ की. आवाजच न्हाई त्यात. चार कवाच वाजलं."

यशोधराने रिसीव्हर कानाला लावला. मालनबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"चालू हाय की आजी," ती म्हणाली. "फक्त सारखा उचलायचा न्हाई. वाजला की मगच उचलायचा."

"व्हय का?" मालनबाईंनी हात झटकन मागे घेतला. मग उठून पंखा बंद केला आणि फोनसमोर येऊन बसल्या.