तिसऱ्या सेलचं रीडिंग

बॅटरी निवडायला सरांनी तीन आठवडे घेतले. राहतं घर त्यांनी एका दुपारी पाहून घेतलं होतं आणि लग्न तर त्याहून लवकर ठरवलं होतं. या दोन्ही गोष्टींची आठवण बायकोने त्यांना त्या तीन आठवड्यांत अधूनमधून करून दिली. पण लाँच तिच्या धाकट्या भावाची होती, आणि तो म्हणाला होता, "भावोजी, तुम्हीच बघा. मला त्यातलं काही कळत नाही." अठ्ठावीस वर्षं तंत्रनिकेतनात वीज शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या कानावर असं वाक्य फार क्वचित पडतं. सरांनी ते मनावर घेतलं.

मेहुण्याची लाँच नदीच्या अल्याडपल्याड उतारू नेत असे. नदी इतकी रुंद की अल्याडचा माणूस पल्याडच्या माणसाला हात करतोय की माश्या हाकलतोय, ते कळत नाही. मधोमध ओढ जबरदस्त. तिथे इंजिन बंद पडलं तर सुरू होईपर्यंत नदी नेईल तिकडे जायचं.

बॅटरीचं दुकान धक्क्यामागच्या गल्लीत होतं. दुकान अरुंद, फरशीवर ॲसिडचे डाग, मालकाच्या पँटला त्याच ॲसिडची भोकं. बॅटरीवाला कमी बोलायचा. धंद्याच्या दृष्टीने हा दोषच होता.

"सर, ही घ्या, बंद बॅटरी," तो म्हणाला. "पाणी बघायची कटकट नाही."

"कटकट नाही, देखभाल म्हणतात तिला."

"तेच. ती करावी लागत नाही."

"जी उघडून मोजता येत नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" सरांनी विचारलं. मग त्यांनी मेहुण्याला आणि बॅटरीवाल्याला एकत्रच समजावून सांगितलं. गाडीची बॅटरी एकदम जोराचा झटका देते आणि दमते. दिव्यांची बॅटरी हळूहळू, पण तासन्‌तास देते. लाँचला इंजिनही चालू करायचं आणि दिवे, पंपही चालवायचे, शिवाय लाटांचे दणके सोसायचे, म्हणून जाड प्लेटांची हवी. बॅटरीवाला हे बावीस वर्षं विकत होता. त्याने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

"मग ही," तो म्हणाला. "जाड प्लेटा, सहा सेल, सहा झाकणं. माल चांगला आहे. पण हिचं पाणी बघावं लागेल, सर. कंटाळा केला तर चालायचं नाही."

कंटाळा हा शब्द सरांना लागला. त्यांनी बॅटरीबरोबर हायड्रोमीटरही घेतला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी. सेलमधलं ॲसिड नळीत ओढलं की काडी किती वर तरंगते त्यावरून बॅटरी किती भरलेली ते कळतं. बॅटरीवाल्याने तो एका हाताने पुढे केला.

"उपकरण दोन्ही हातांनी धरावं," सर म्हणाले. "काच आहे."

बॅटरीवाल्याने दुसरा हात लावला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सर लाँचमध्ये उतरायचे. फळीखालची पेटी उघडायची, टर्मिनलवरची पांढरी भुकटी कोमट पाण्याने पुसायची, ग्रीस लावायचं, सहा झाकणं काढायची, सहा रीडिंगं घ्यायची, पाणी कमी वाटलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मग वहीत नोंद. मेहुण्याने वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं. धक्क्यावर तिला ‘भावोजींची वही’ म्हणू लागले. इतर लाँचवाले ती चाळून पाहायचे. आकडे कळायचे नाहीत, पण अक्षर सुंदर होतं. पाच जणांनी ठरवून टाकलं की आपणही हीच बॅटरी घ्यायची, सर सांगतील तशी.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी शेजारून मोठी बोट गेली, लाट आली आणि हायड्रोमीटर सरांच्या हातातून निसटून नदीत गेला. एका हातातून. दुसरा हात चष्मा सावरत होता. कुणी पाहिलं नाही.

नवा मिळायला दोन मिनिटं लागली असती. पण मिळत होता फक्त त्याच दुकानात. सर दोनदा गल्लीच्या तोंडाशी गेले. दोन्ही वेळा त्यांना बॅटरीवाला विचारताना दिसला: "आधीचा फुटला का, सर?" बॅटरीवाला असं काही विचारणारा माणूस नव्हता. सर परत फिरले.

त्या रविवारी त्यांनी अंदाजाने नोंद केली. एका आठवड्याने काय बिघडतंय. पुढच्या रविवारी आधीच्या अंदाजावरून अंदाज केला. खोटी रीडिंगं कशी पकडायची हे सरांना पाठ होतं. त्यापायी त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांची जर्नलं खिडकीतून बाहेर भिरकावली होती. पोरं सापडायची, कारण आकडे फार गुळगुळीत लिहायची. सरांनी ती चूक केली नाही. पाच सेल ठणठणीत ठेवले आणि तिसऱ्याला बारीकशी कुरबुर दिली.

ती फारच खरी वाटली. मेहुणा काळजीत पडला.

"भावोजी, तिसऱ्याचं कसं आहे?"

"सुधारतोय," सर म्हणायचे.

मापच नाही तर झाकणं तरी कशाला काढायची, असं म्हणत हळूहळू झाकणंही राहिली, पाणीही राहिलं. सर पेटीजवळ पाऊण तास बसून राहायचे, हाताला थोडं ग्रीस लावून वर यायचे आणि वही मागायचे. असे पाच महिने गेले. भोंगळ कामाबद्दल ते आता कुणाला काही बोलत नसत. बायकोला वाटलं, वयाने निवळले.

मग एका मंगळवारी, भर सकाळी, अकरा उतारू घेऊन निघालेल्या मेहुण्याच्या लाँचच्या पंख्यात नदीच्या मध्यावर दोर अडकला. त्याने इंजिन बंद केलं, वाकून दोर सोडवला, पुन्हा चावी फिरवली. टक असा आवाज आला. पुन्हा फिरवली. तेवढाही आला नाही. लाँच आडवी झाली आणि पुलाच्या खांबांच्या दिशेने निघाली. एक म्हातारी शांतपणे चपला काढून हातात घेऊन बसली. ते पाहून बाकीच्यांचा धीर सुटला.

धक्क्यावरचा दुसरा लाँचवाला, लंब्या, याची लाँच जवळ होती म्हणून निभावलं. त्याने दोर टाकला, यांना ओढत काठाला आणलं, आणि धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उतारू कमी पडले आज. म्हटलं, अख्खी लाँचच भरून घ्यावी."

मेहुण्याने आधी सगळे उतारू उतरवले. मग राग आला, आणि तो वही काखोटीला मारून बॅटरीच्या दुकानासमोर उभा राहिला. "अकरा जीव होते वर," तो मोठमोठ्याने सांगत सुटला. "सांभाळण्यात कसूर नाही. हे बघा, प्रत्येक रविवार. मालच सडका दिला यानं." ते ऐकून पाचही जणांनी दुकानाकडे पाठ फिरवली. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर एकच बोललं जात होतं: त्या दुकानातून काही घ्यायचं नाही. बॅटरीवाल्याचा निम्मा धंदा धक्क्यावर होता.

सरांना हे सगळं घरी जेवताना कळलं. बायकोने विचारलं, "अहो, माणूस तसा वाटत नव्हता हो. तुम्हाला काय वाटतं?"

"वस्तुस्थिती तपासावी लागेल," सर म्हणाले आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला स्वतः लाँचवर आला. भांडायला नाही, पाहायला. सर काठावर उभे होते. मेहुण्याने त्यांना हाताला धरून आत उतरवलं, "तुम्ही समोर हवेत." बॅटरीवाल्याने पेटी उघडली, पहिलं झाकण काढलं, आपला हायड्रोमीटर आत घातला आणि फुगा सोडला. नळीत सुर्र करून हवा आली. दुसऱ्यात तेच. प्लेटा कोरड्या, वर पांढरट पापुद्रा. तिसऱ्या सेलमध्ये तेवढं बऱ्यापैकी पाणी होतं.

"चार्जिंग जरा जास्त होतंय इंजिनकडून," बॅटरीवाला स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पाणी लवकर उडतं मग. महिन्याभरात लक्षात आलं असतं, नुसतं उघडून..." तो थांबला. शेजारी वही उघडी होती. गेल्या रविवारी पहिला सेल उत्तम होता, दुसरा उत्तम, तिसरा किंचित नरम. बॅटरीवाल्याने ते पान वाचलं. मग आधीचं पान वाचलं. वर पाहिलं ते सरांकडे नाही, नदीकडे पाहिलं.

सहा झाकणं त्याने एकेक करून परत लावली.

"माझ्याकडूनच खराब माल आला असेल," तो मेहुण्याला म्हणाला. "बदलून देतो."

मेहुण्याने सरांच्या पाठीवर थाप मारली. "बघा भावोजी. तुमच्या वहीपुढे एक शब्द बोलता आला नाही त्याला."

सरांचे कान तापले. चड्डीतल्या वयात शाळेत पट्टी खाताना तापायचे, तसे. बॅटरीवाला उठून काठावर पाय ठेवत होता. आणखी दोन पावलं गेला असता तर सगळं मिटलं असतं, आणि तेच सरांना सहन होईना.

"थांबा," ते म्हणाले. "एक खुलासा करायला हवा. नोंदींच्या बाबतीत मधल्या काळात काही आकडे गृहीत धरले गेले आहेत."

मेहुण्याने कौतुकाने मान डोलावली.

"प्रत्यक्ष निरीक्षणात काहीसा खंड पडला होता," सर म्हणाले.

"म्हणजे काय, भावोजी?"

"मोजलं नाही."

"कुणी?"

"मी. हायड्रोमीटर नदीत पडला माझ्या हातातून. पाच महिने झाले. झाकणंही काढली नाहीत. मी खोटं लिहिलं सगळं."

मेहुण्याने वहीच्या कव्हरवरून अंगठा फिरवला. "मग दर रविवारी पाऊण तास खाली काय करत होतात?"

"बसायचो."

"नुसते?"

"नुसता."

"आणि तिसरा सेल?"

"त्याला काही झालं नव्हतं."

सरांना वाटलं, आता शिव्या येतील. त्यांची तयारी होती, किंबहुना ते वाटच पाहत होते. मेहुणा इतकंच म्हणाला, "मला सांगायचं होतं. मी आणून दिला असता दुसरा." मग थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "ताईला मी नाही सांगणार." सरांना पट्टी परवडली असती.

ताईला त्यांनी स्वतःच सांगितलं, रात्रीची भांडी होण्याआधी. तिने नळ बंद केला आणि विचारलं, "आणि त्या दुकानदाराचं काय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी, पहिल्या फेरीच्या आधी, जिथे लाँचवाले चहा पीत उभे असतात तिथे सर गेले. पाचही जण होते, लंब्या होता.  सरांनी वही सोबत आणली नव्हती. बॅटरी चांगली होती, दुकानदाराचा काही दोष नाही, पाणी मी घातलं नाही आणि आकडे मनाने लिहिले, एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. या वेळी कर्ता न वगळता.

"प्रॅक्टिकलचे किती देता मग स्वतःला?" लंब्याने विचारलं.

"शून्य."

एकदोघे हसले. एकजण हसला नाही, कारण त्याचा स्वतःचा मेहुणा त्या अकरा उतारूंत होता. तो सरांकडे पाहत चहा प्यायला आणि कप ठेवून निघून गेला. सरांनी त्याला थांबवलं नाही.

सगळ्यांत म्हातारा लाँचवाला मात्र अजून सरांसमोरच उभा होता. "ते झालं ते झालं," तो म्हणाला. "माझी बॅटरी मरायला टेकलीय. उघडी घेऊ का बंद घेऊ, तेवढं सांगा."

सरांकडे उत्तर होतं, तीन मुद्द्यांत होतं. ते अगदी ओठापर्यंत आलं.

"दुकानात विचारा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"आहे. पण त्याला विचारा."

"मग चला, तुम्हीही चला," म्हातारा म्हणाला आणि सरांचं मनगट धरून निघाला. सर गल्लीच्या तोंडाशी जरा अडले. म्हाताऱ्याच्या पकडीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

बॅटरीवाला फरशी पुसत होता. त्याने दोघांना पाहिलं, फडकं बाजूला ठेवलं, म्हाताऱ्याचं ऐकून घेतलं. "पाणी बघायला कुणी आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "दर महिन्याला, न चुकता?"

"मीच. आणि मला वाकता येत नाही."

"मग बंदच घ्या." मग बॅटरीवाला सवयीने सरांकडे वळला. त्यांनी मान डोलावली की पुढे बोलायचं, असं वळण त्याला आठ महिन्यांपूर्वी लागलं होतं. "बरोबर ना, सर?"

सर फरशीवरचे डाग पाहत होते. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी ऐकायला आलोय."