वटारचे दोन सायकस

जूचंद्रचा कृष्णा भोईर वीस वर्षं लोकांच्या बागा बघत आला होता. झाडाला काय झालंय हे तो सहसा बरोबर सांगायचा, म्हणून वटार गावच्या हेलनबाईंनी त्याला निरोप धाडला. साल अठ्ठ्याण्णव, मार्च महिना.

त्यांच्या घराच्या पायऱ्यांना दोन्ही अंगांनी माडासारख्या झावळ्यांची सायकसची दोन झाडं होती. हेलनबाई लग्न होऊन आल्या तेव्हा बापाने माहेरच्या झाडाच्या बुडाशी फुटलेली दोन पिल्लं गोणपाटात बांधून दिली होती. तीस वर्षांत त्यांचे बुंधे कमरेएवढे उंच झाले. पुढे बाप गेला, माहेरच्या वाडीत इमारत उभी राहिली, आणि त्या घरातलं म्हणून एवढंच उरलं. चर्चच्या सणाला वेदीवर ह्याच झाडांची पानं जायची. यंदा बाईंनी एकही पान दिलं नव्हतं. खालच्या पानांची टोकं तपकिरी पडली होती आणि तो रंग कडेकडेने आत सरकत होता.

कृष्णा उकिडवा बसला. पान उलटं करून त्याने खालून अंगठा फिरवला. पांढरी खवलेकीड नव्हती. बुंधा दाबून पाहिला, तर टणक होता, म्हणजे कुजलेलाही नव्हता. मग त्याने बुडाची माती उकरली. वरती पापुद्र्यासारखा पांढरा थर साचला होता. तो उठला, घरामागच्या विहिरीवर गेला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

विहिरीच्या कठड्यावर हेलनबाईंचा नवरा व्हिन्सेंट बसला होता. चार वर्षांपूर्वी त्याने इथे मोठा पंप बसवला आणि नव्या इमारतींना पाणी पुरवणारे टँकर दिवसभर इथून भरून जायला लागले. हेलनबाईंचा विरोध होता, पण त्याने ऐकलं नाही. गेल्या वर्षी टँकरवाले आपणहून यायचे बंद झाले. का, ते त्याने घरात सांगितलं नाही. प्यायला नळाचं पाणी होतं. विहिरीचं बागेला आणि धुण्याला लागायचं, एवढंच.

"पानी खारं झालंय, व्हिन्सेंटभाऊ," कृष्णा म्हणाला. "उपसा फार झाला, समुद्राचं पानी आत शिरलं."

व्हिन्सेंट कठड्यावरून उतरून जवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, "हिला कीड सांग. काहीतरी फवार. टँकर नको म्हणून हात जोडले होते तिने माझ्यापुढे."

साठीचा माणूस असा एवढासा झालेला कृष्णाला बघवला नाही. त्याने हेलनबाईंना कीड सांगितली, निंबोळीचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून दोन्ही झाडांवर फवारलं. निघताना व्हिन्सेंटला बजावलं, की वरची माती काढून टाक, नळाचं गोडं पाणी भरपूर ओत, म्हणजे मीठ खाली धुऊन जाईल. व्हिन्सेंट हो म्हणाला. पण नळ दिवसाआड तासभर यायचा, आणि बायकोच्या डोळ्यांदेखत हंडे आणून झाडाला ओतायचे तर कारण सांगावं लागलं असतं. तो विहिरीचंच पाणी घालत राहिला.

मेअखेरीस कृष्णा पुन्हा आला. मधली कोवळी पानं उलगडायच्या आधीच करपली होती. उजवीकडच्या झाडाचा बुंधा दाबला तर अंगठा आत गेला, कुबट वास आला. मार्चमध्ये खरं बोललो असतो तर दोन्ही झाडं वाचली असती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "कीड नव्हतीच. विहीर खारी झालीय."

हेलनबाई दचकल्या नाहीत. "धुण्याच्या साबणाला फेस येईना, तेव्हाच मला कळलं. वर्ष झालं."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"व्हिन्सेंटने दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं म्हणून. पण तुम्ही कीड म्हणालात, आणि मलाही वाटलं, असेल बाबा कीडच. बरं वाटलं मला." त्या झाडाकडे बघत होत्या. "तीन महिने मी तेच धरून बसले."

त्याच दिवशी दोन्ही झाडं उपटायची ठरली. खणायला व्हिन्सेंट स्वतः उतरला. उजवीकडचं झाड हातात येताच फुटलं, आतून नुसता तपकिरी लगदा. डावीकडच्या झाडाचा बुडाचा गड्डा अजून घट्ट होता. कृष्णाने त्याची काळी पडलेली मुळं आणि सगळी पानं कापली, जखमांना राख चोळली आणि आठ दिवस सावलीत सुकवून भोकं पाडलेल्या पिंपात, वाळू आणि पालापाचोळ्याच्या खतात ते लावलं.

पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी कोंब दिसला नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात कृष्णा आला तेव्हा व्हिन्सेंट नळाची कळशी घेऊन पिंपाशी उभा होता. आता तो नळ आला की लपवाछपवी न करता पाणी घालायचा. घरात मात्र त्या विषयावर दोघं अजून बोलली नव्हती.

कृष्णाने गड्डा दाबून पाहिला. घट्ट होता.

"कधी फुटेल?" पायरीवरून हेलनबाईंनी विचारलं.

"फुटेलच असं सांगता येत नाही, बाई."

त्यांनी मान हलवली आणि आत निघून गेल्या. व्हिन्सेंटने कळशी पालथी केली आणि माती पाणी शोषून घेईपर्यंत तो तिथेच थांबला.