धनराज सरांचे एकवीस दिवस

अहेरीत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना धनराज सरांनी तीन वर्षं एकच वाक्य घोकवलं होतं : "एक दिवस सुटला की आठ दिवस मागं." मग त्यांनाच टायफॉइड झाला आणि एकवीस दिवस सुटले. त्यांच्याच हिशेबानं सर आता साडेपाच महिने मागं होते.

सर एका कचेरीत बाबू होते. पहाटे मैदानावर उभे राहिले की मात्र त्यांना साहेबासारखा मान मिळायचा. आधी ते 'इच्छाशक्ती' या विषयावर वीस मिनिटं बोलत, मग सगळ्यांच्या पुढं धावत. त्यामुळं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते थेट मैदानावर गेले नाहीत. आधी दम आजमावू म्हणून तळ्याकडच्या रस्त्याला गेले. तिथं ओळखीचं कुणी भेटत नव्हतं.

पहिल्या दिवशी ते जेमतेम चारशे मीटर धावले आणि मोहाच्या झाडाला धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपले. शरीराचं ऐकावं, हे त्यांना एकाएकी पटलं होतं. एखाद्या पोरीनं हेच सांगितलं असतं तर तिला पाच चकरा शिक्षा होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, साधनानं, पांघरूण ओढलं.

"पोरी रोज विचारून राह्यल्या, सर कधी येते म्हणून. काय सांगू त्याईले?"

सर उठले.

त्या सकाळी तळ्याच्या रस्त्यावर मागून चपलांचा फटफट आवाज आला. साठीची गोकुळाबाई डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. ती चालत होती, सर धावत होते. ती पुढं गेली.

"काऊन जी भाऊ, पायाले लागलं का?"

"नाई बाई. धावून राह्यलो."

बाईनं वळून त्यांना नीट पाहिलं. "असं का," म्हणाली आणि टोपली न हलवता हसली.

चौथ्या दिवशी सर हट्टानं तिच्या बरोबरीनं निघाले. आजारपणाची कहाणी सांगू लागले, तर ती म्हणाली, "बोलू नका. बोलल्यानं दम जाते." मग स्वतःच बोलत राहिली. "मागल्या साली मले महिनाभर ताप होता. उठली त पह्यल्या दिवशी त्या चिंचेपरेंत गेली. दुसऱ्या दिवशी पुढच्या झाडापरेंत. घाई कायची?"

"अन् बाजार बुडाला त्याचं काय?"

"मी मेली असती तरी बुडालाच असता."

 त्या दिवसापासून सर रोज एकेक झाड पुढं सरकू लागले. बाराव्या दिवशी त्यांनी गोकुळाबाईला मागं टाकलं. त्या दिवशी तिची टोपली रोजच्यापेक्षा जड होती, याची चर्चा त्यांनी मनाशीसुद्धा केली नाही.

तेराव्या दिवशी नेहमीच्या वेळी, बरोबर सहाला ते मैदानावर आले. संकटातून कसं उठावं, यावर अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. पोरी मात्र धावून परत आल्या होत्या. त्यांच्यातली रीता मोबाईलमध्ये पाहून एकेकीची वेळ वाचत होती. सरांनी ऐकलं, पुन्हा वाचायला लावलं. झाडून सगळ्यांची वेळ सुधारली होती.

"काय केलं तुमी?"

रीता घुटमळली. "काई नाई सर. तुमी नव्हते त भाषण नव्हतं. तेवढ्यात चार चकरा जास्त होते."

कुणी हसलं नाही, तेच सरांना जास्त लागलं. चुलीतल्या निखाऱ्यावर पाणी पडावं तसं ते भाषण आतल्या आत विझलं. ते खाली बसले, बुटाची सुटलेली नाडी पुन्हा बांधली, मग उठले.

"आणखी धावाचं हाय का आज?"

"हो. दोन चकरा."

"मग मी मागं राह्यतो."

पोरी निघाल्या. सर शेवटी होते आणि शेवटीच राहिले. कुणीही त्यांच्यासाठी थांबलं नाही. हे मात्र त्यांनीच शिकवलेलं होतं. ते पोचले तेव्हा पोरी पाणी पिऊन निघायच्या बेतात होत्या.

"सर, उद्या साडेपाचले या," रीता म्हणाली. "आमी आता सहाची वाट पाह्यत नाई."

सरांना उत्तर द्यायचं होतं, पण दम नव्हता. त्यांनी मान डोलावली.