फार्सचं शेवटचं पान

मामा सकाळपासून एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले होते. बसतील नाही तर काय! गोऱ्या साहेबाच्या अमदानीत छापलेला तो एकअंकी फार्स त्यांच्या आजोबांच्या नाटक मंडळीने गाजवला, पुढे मामांनी स्वतः चाळीस वर्षं त्यात नोकराचं काम केलं. आता भाची त्याची नवी आवृत्ती काढत होती, आणि सरकारी दप्तरखान्यात तिला एक जुनी प्रत सापडली होती, तीही शेवटच्या पानासकट!

घरच्या प्रतीत ते पान नव्हतं. उंदरांनी खाल्लं, असं आजोबा सांगायचे. म्हणे नाइलाजाने त्यांनी पदरचा शेवट जोडला: नोकर खुर्चीत बसतो आणि साहेब त्याचे बूट पुसतो. लोक हसून हसून लोळायचे. पण शेवटी ठिगळच ते. खरं पान मिळाल्यावर ठिगळ कोण छापणार?

भाचीने प्रत पुढे ठेवली. छापील शेवटात नोकर साहेबाचे पाय धरतो, लाथ खातो, पडदा.

“छाप बाई हेच,” मामा म्हणाले. “अस्सल ते अस्सल.”

“अहो, पान उलटून तर बघा!”

मागे प्रयोगाच्या सरकारी परवानगीचा शिक्का होता. खाली हाताने लिहिलं होतं: ‘छापील शेवटात एका शब्दाचाही फरक करणार नाही.’ त्याखाली आजोबांची सही, पहिल्या प्रयोगाच्या आठ दिवस आधीची.

मामांनी तीनदा वाचलं. “म्हणजे पान त्यांनी पाहिलं होतं?”

“पाहिलं, सही ठोकली आणि आठ दिवसांनी साहेबाला बूट पुसायला बसवलं. घरचं पान त्यांनीच फाडलं असणार. उंदीर बिचारे फुकट बदनाम!”

मामा खो खो हसले. मग एकदम थांबले. “पण मंडळीतल्या लोकांपासून का लपवलं?”

“त्यांना ठाऊक नसलं, तर त्यांच्यावर बालंट कसं येणार? सही एकट्याची, तुरुंगही एकट्याला.”

मामांचे डोळे भरून आले. “आणि मी मेला जन्मभर लोकांची माफी मागत फिरलो! म्हाताऱ्याने कसंबसं जोडलंय, सांभाळून घ्या म्हणून.”

भाचीने विचारलं, “मग शेवट कुणाचा म्हणून छापू?”

मामांनी पेन मागून घेतलं आणि आजोबांचं पूर्ण नाव सावकाश लिहून दिलं.

“मोठ्या अक्षरात घे,” ते म्हणाले. “आता साहेबाने वाचलं तरी चालेल.”